विहारयात्रा आणि धम्मयात्रा



दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत आता काटोलसारख्या तालुक्याच्या गावातूनही आपली कुटुंबे जंगल पाहावयास निघतात. कोणी बोरला जातो, कोणी पेंचला, कोणी ताडोब्याला. ज्यांना परवडते ते श्रीलंकेपर्यंत जातात. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला वंदन करतात, कँडीचा दंतधातूचा विहार पाहतात, आणि परतण्यापूर्वी एखादा दिवस तेथील हत्ती आणि बिबटे पाहण्यासाठी राखून ठेवतात. यात वावगे काही नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी जंगल पाहिले ते तेंदूपाने तोडताना, मोहफुले वेचताना, सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन परतताना. जंगल नुसते डोळे भरून पाहण्याची सवड त्यांना कोणी दिली नव्हती. ती सवड त्यांच्या नातवंडांना मिळाली, तर आनंदच मानला पाहिजे.

पण सवडीबरोबर जबाबदारीही येते. म्हणून एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. बौद्ध माणसाने अरण्यात जावे ते कशासाठी? आणि तेथे गेल्यावर त्याने काय पाहावे? हा प्रश्न किरकोळ वाटेल. सहलीत कसला आला धम्म, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्या धम्माच्या इतिहासात हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो एका राजाने दगडावर कोरून ठेवला आहे.

1882 साली आपल्या महाराष्ट्रातच, आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना एका कोरीव शिळेचा तुकडा सापडला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तो भाग होता. हा लेख गिरनारला व इतरत्रही आहे, त्यामुळे त्याचा पूर्ण आशय आपल्याला कळतो. अशोक त्यात सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात असत. येथे ‘विहार’ म्हणजे आपले वंदनेचे स्थान नव्हे. विहार म्हणजे मौज, करमणूक. त्या यात्रेत शिकार असे आणि तशाच प्रकारचे इतर विलास असत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी, म्हणजे बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून विहारयात्रेची धम्मयात्रा झाली.

या धम्मयात्रेत राजा काय करीत असे, तेही लेखात दिले आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटणे व दान देणे, वृद्धांना भेटणे व त्यांच्या निर्वाहाची सोय करणे, आणि जनपदातील, म्हणजे खेड्यापाड्यांतील, लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे. वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. अशोकाने प्रवास सोडला नाही, घरात बसून राहणे पत्करले नाही. त्याने प्रवासाचा हेतू बदलला. पूर्वी राजा निघाला की त्याचे लक्ष मृगाकडे असे आणि वाटेतली माणसे त्याला दिसत नसत. आता मृग मोकळा झाला आणि माणसे दिसू लागली.

अशोकाचा धम्म समुद्रापलीकडे गेला तेव्हा तेथेही आरंभी अशीच एक शिकार आहे. श्रीलंका हे डोंगराळ बेट आहे. मध्यभागी उंच पर्वत, त्यांत 2,524 मीटरचे पिदुरुतलागल हे सर्वात उंच शिखर, आणि भोवती उतरत गेलेली अरण्ये व मैदाने. उत्तरेकडच्या मैदानात अनुराधपूरजवळ मिहिंतले नावाची टेकडी आहे. महावंस या प्राचीन ग्रंथातील कथा अशी की, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ज्येष्ठ पौर्णिमेला राजा देवानंपिय तिस्स या टेकडीवर हरणामागे धावत होता. तेथे त्याला अशोकपुत्र महिंद थेर भेटले. त्यांनी राजाला नावाने हाक मारली. राजा थांबला, त्याने धनुष्यबाण खाली ठेवले.

या कथेतला चमत्काराचा भाग सोडून द्या. देवाने हरणाचे रूप घेतले वगैरे मानण्याचे आपल्याला कारण नाही. पण पुढचा संवाद विचार करण्यासारखा आहे. धम्म सांगण्यापूर्वी महिंदांनी राजाच्या बुद्धीची परीक्षा घेतली. तुला नातेवाईक आहेत का, असे त्यांनी विचारले. राजा म्हणाला, पुष्कळ आहेत. नातेवाईक नसलेले कोणी आहेत का? ते तर त्याहून अधिक आहेत. मग नातेवाईक आणि परके यांखेरीज आणखी कोणी आहे का? राजाने उत्तर दिले, मी स्वतः आहे. हे ऐकून महिंदांना वाटले, या माणसाला धम्म समजेल.

आपल्या माणसांवर प्रेम सगळेच करतात. परक्यांची दखल घेणारे थोडे. आणि या दोहोंकडे पाहणारा जो आपण, त्याच्याकडे पाहणारे त्याहून थोडे. शिकारीच्या भरात धावणाऱ्या राजाला नेमके हेच विचारावयाचे होते : हरिण दिसले, पण हरणामागे धावणारा तू तुला दिसलास काय? मिहिंतलेचा परिसर हे जगातील पहिले अभयारण्य, असे श्रीलंकेत अभिमानाने सांगितले जाते. हा मान कोणाला द्यावा याचा निर्णय इतिहासकार करोत. राजा थांबला, हे आपल्यासाठी पुरेसे आहे.

असा थांबण्याचा हुकूम आपल्या विदर्भातही निघाला होता. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक नावाचे गाव आहे. तेथील एका शिळेवर अशोककालीन ब्राह्मी लिपीत कोरलेली एक राजाज्ञा आहे. प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, असा तिचा आशय आहे. थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी या लेखाचा संबंध अशोकाच्या धम्म-शासनाशी जोडला. म्हणजे ताडोब्याच्या पट्ट्यात प्राण्यांना अभय देणारी आज्ञा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दोन हजार वर्षे आधी लागू झाली होती. ही मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

येथे नवदीक्षित कुटुंबांत नेहमी निघणारी एक शंका येते. आपण मांसाहार करतो, मग प्राण्यांवरील करुणा आपण कोणत्या तोंडाने बोलावी? तिचे उत्तर अशोकाच्या पहिल्या शिलालेखात सापडते. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात, हे तो लपवीत नाही. लेख लिहिला तेव्हाही तीन मारले जात होते : दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिण तेही नेहमी नव्हे. पुढे हेही बंद होतील, असे तो म्हणतो. एवढ्या मोठ्या सम्राटाने आपल्या स्वयंपाकघरातली अपूर्णता प्रजेसमोर दगडावर कोरली. शील हे असे पायरीपायरीने चढावयाचे असते. आज जे जमते ते प्रामाणिकपणे करणारा माणूस उद्या आणखी एक पायरी चढतो. सोवळ्याचा देखावा करणारा मात्र होता तेथेच राहतो.

आता आजच्या विहारयात्रेकडे वळू. बंदुकीची शिकार कायद्याने बंद झाली. मग शिकार संपली का? 31 डिसेंबर 2024 ची घटना आठवा. नागपूर जिल्ह्यातील उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्ता ओलांडत होती. पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडविली. वर्षाचा शेवटचा दिवस, हौसेचे पर्यटक, आणि प्रत्येकाला जवळून छायाचित्र हवे. चित्रफीत सर्वत्र पसरली. वनखात्याने चालक व मार्गदर्शकांवर कारवाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

तेथे कोणी बाण सोडला नाही, रक्त सांडले नाही. पण आईला तिच्या पिलांसह कोंडून ठेवणे, ही कोणती मौज? पहिल्या शीलात प्राण घेण्यापासून अलिप्त राहण्याचा संकल्प आहे, आणि तेथे प्राण गेला नाही, असे कोणी कायदेपंडित म्हणेल. धम्म कायद्याच्या कलमासारखा वाचावयाचा नसतो. चित्तात काय होते, हे धम्म विचारतो. त्या क्षणी गाडीतल्या चित्तात मैत्री होती की हाव होती? श्रीलंकेतील याल राष्ट्रीय उद्यानातही बिबट्या दिसल्याची वर्दी आली की गाड्यांची अशीच झुंबड उडते. देश बौद्धांचा असला म्हणून पाहणाऱ्याची हाव आपोआप शांत होत नाही. हाव ही प्रत्येकाने स्वतःच्या ठिकाणी ओळखावयाची असते.

प्राणी केवळ जंगलाच्या फाटकाआतच मरतात असेही नाही. बोर हा काटोलकरांचा शेजारी. 1970 साली अभयारण्य झाले, 2014 साली व्याघ्रप्रकल्प झाला, आणि सुमारे 138 चौरस किलोमीटरचे ते देशातील सर्वात लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. एवढ्याशा जागेत वाघ मावत नाही. तो कोंढाळीच्या टेकड्यांकडे, शेताशिवारांकडे निघतो. डिसेंबर 2017 मध्ये बोरचा ‘बाजीराव’ नावाचा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. फाटकावर तिकीट काढून वाघाला हात जोडणारे आणि रात्री त्याच्या वाटेवरून भरधाव गाडी हाकणारे बऱ्याच वेळा एकच असतात. करुणा फाटकाशी सुरू होऊन फाटकाशीच संपत असेल, तर तिला करुणा कसे म्हणावे?

डोळ्यांची फसवणूक आणखी एका प्रकारे होते. श्रीलंकेच्या पहाडी भागात गेलेला प्रवासी हिरवेगार उतार पाहून थक्क होतो आणि म्हणतो, काय हे निसर्गवैभव! होर्टन मैदानासारख्या, समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरहून उंच असलेल्या पठारावर सांबरांचे कळप आहेत, जुने धुक्याचे वन आहे. ते खरोखरच वैभव आहे, आणि मध्यवर्ती पहाडांचा काही भाग 2010 पासून जागतिक वारसा ठरला आहे. पण वाटेत जे मैलोगणती हिरवे दिसते ते अरण्य नव्हे. तेथले अरण्य एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली तोडले गेले. आधी कॉफी लावली, 1869 पासून तांबेऱ्याने कॉफी बुडू लागली तेव्हा चहा लावला. हत्ती मारणाऱ्याला त्या काळी सरकारकडून बक्षीस मिळे. मेजर रॉजर्स या एकट्या गोऱ्या अधिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारल्याचे सांगितले जाते.

आणि त्या मळ्यांत राबावयास माणसे कोठून आणली? दक्षिण हिंदुस्थानातून. दुष्काळाने व जातीने गांजलेली तमिळ कुटुंबे, त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक फार मोठ्या संख्येने. लायनींतल्या एकेका खोलीत त्यांच्या पिढ्या गेल्या. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतले बहुसंख्य लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. 1964 साली दोन सरकारांनी त्यांची आपसांत वाटणी करण्याचा करार केला आणि उरलेल्यांचा प्रश्न कायद्याने मिटावयास 2003 साल उजाडले. उपासकांनो, त्या हिरव्या उतारावर पाठीला टोपली बांधून उभी असलेली बाई छायाचित्रात सुंदर दिसते. तिला ‘देखावा’ म्हणून पाहण्याचा अधिकार इतर कोणाला असेल, आपल्याला नाही. आपल्यालाही कोणी तरी पिढ्यानपिढ्या असेच लांबून पाहत होते.

आता सर्वात अवघड प्रश्न. काटोलचा शेतकरी विचारील : तुम्ही प्राण्यांवर मैत्री करा म्हणता, पण रात्री माझ्या हरभऱ्यात रोही शिरतात, रानडुकरे कपाशी आणि भुईमूग उलथून टाकतात, संत्र्याची कोवळी कलमे मोडतात. मी थंडीत जागलीला जातो आणि तुम्ही गाडीत बसून वाघ पाहता. माझी करुणा कोठून येणार?

हा प्रश्न रास्त आहे. त्याला उपदेशाने गप्प करणे हा अन्याय होईल. श्रीलंकेतही हाच प्रश्न हत्तींच्या रूपाने उभा आहे. 2019 ते 2024 या काळात तेथे प्रत्येक वर्षी तीनशेहून अधिक हत्ती मेले, त्यांतले पुष्कळ माणसाच्या हातून, आणि शंभराहून अधिक माणसे हत्तींमुळे मेली. मेलेली ती माणसे बहुतेक गरीब शेतकरी होती. पर्यटकाला हत्ती सुंदर दिसतो, कारण तो त्याच्या भातखाचरात शिरत नाही.

पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात या बाबतीत आपल्याला एक मोलाचा विवेक दिला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, असा फरक ते करतात. भगवान बुद्धांनी अहिंसेला आंधळा नियम केले नाही, ते एक तत्त्व म्हणून सांगितले. नियमाला माणूस बांधला जातो, तत्त्व मात्र माणसाला विचार करावयास लावते. पोराबाळांच्या घासासाठी पीक राखणारा शेतकरी आणि मौजेसाठी प्राण्याला घेरणारा प्रवासी यांना एकाच पारड्यात घालणे हे धम्माला धरून नाही.

पण या विवेकाची दुसरी बाजूही आहे. गरजेचे नाव घेऊन इच्छा आत शिरते. कुंपणात चोरून वीज सोडणारा गरज सांगतो. त्या तारेला रानडुक्कर चिकटते, वाघ चिकटतो, आणि कधी पहाटे शेतावर निघालेला शेजारचा मजूरही चिकटतो. ज्या उपायात कोण मरेल याची पर्वाच नाही, त्याला गरज म्हणता येत नाही. एकमेकांच्या शेतांची आळीपाळीने राखण, गावाने मिळून घातलेले कुंपण, पंचनामा वेळेवर करवून घेऊन नुकसानभरपाईसाठी एकजुटीने केलेला पाठपुरावा, हे मार्ग कष्टाचे आहेत, पण ते मार्ग आहेत. आणि जंगल पाहावयास जाणाऱ्या शहरी माणसाचे कर्तव्य हे की, शेतकऱ्याच्या या मागणीत त्याने आपला आवाज मिसळावा. वाघ सगळ्यांचा असेल, तर त्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा?

जंगलातून उठविलेल्या माणसांचेही तसेच. बोरमधील नवरगाव, ताडोब्यातील जामणी आणि नवेगाव, ही गावे व्याघ्रप्रकल्पासाठी बाहेर हलविली गेली. काहींना बरी जमीन मिळाली असेल, काहींची तक्रार असेल. आपण आत जातो ती वाट कोणाच्या अंगणातून गेली, एवढे तरी विचारावे. येथे अशोकाचीही चिकित्सा केली पाहिजे, कारण आपण कोणालाही देव मानत नाही. तेराव्या शिलालेखात कलिंगाच्या युद्धाचा पश्चात्ताप सांगणारा हाच राजा अरण्यवासी लोकांना मात्र आपल्या दंडशक्तीची आठवण करून देतो. हरणाला अभय मिळाले तेव्हाही अरण्यातल्या माणसाला धाक होता. दोन हजार वर्षांनंतर ही उणीव आपल्याला भरून काढावयाची आहे. प्राण्यांवरील प्रेम माणसाच्या तिरस्काराला पांघरूण होऊ नये.

हे सगळे आपणच का बोलावे? त्याला कारण आहे. या देशात प्राण्यांशी आपले नाते दुसऱ्यांनी ठरविले होते. जिवंत गाय पूज्य होती ती त्यांच्या गोठ्यात. ती मेली की ओढावयास आमचे लोक. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला तेव्हा आपल्या माणसांनी ते जुने, लादलेले नाते तोडले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगून त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे ज्यांच्या वाट्याला मेलेले जनावर आले होते, त्यांनीच जिवंत प्राण्याचे पालन करण्याचे वचन दिले. हे नाते आपण स्वतः निवडले आहे. प्राणिमात्रांवरील दया ही वरच्या वर्गाची चैन नाही. गावाबाहेर राहिलेल्या माणसाला गावाबाहेरच्या जीवाचे भय, त्याची भूक आणि हाकलले जाण्याचे दुःख जितके कळेल, तितके दुसऱ्या कोणाला कळणार?

म्हणून पुढच्या सुटीत जरूर जा. बोरला जा, पेंचला जा, जमले तर मिहिंतलेची टेकडीही चढा. मे 1950 मध्ये बाबासाहेबही श्रीलंकेच्या डोंगरातील कँडी येथे बौद्धांच्या परिषदेस गेले होते. मुलांना सोबत न्या. वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट चालकाजवळ धरू नका, आणि जास्तीचे पैसे देऊन त्याला नियम मोडावयास लावू नका. त्या मोहात त्याची नोकरी जाते, तुमची सुटी जात नाही. प्राण्याने वाट मागितली तर गाडी मागे घ्यावयास सांगा. वाघ न दिसताही धावडा, तेंदू, मोह ही झाडे दिसतील. ती मुलांना नावांनी ओळखावयास लावा, कारण त्यांच्या पणजीला ती ठाऊक होती. परतताना फाटकाबाहेरच्या गावात थांबा, चहा घ्या, पीक कसे आहे ते विचारा, गाव कधी हलले ते विचारा. अशोकाने जनपदाला भेटणे म्हटले ते हेच.

घरी आल्यावर मुलांना महिंदांचे तीन प्रश्न विचारा. जंगलात आपले कोण होते? परके कोण होते? आणि या दोघांखेरीज तिसरे कोण होते? मुलाने वाघाचे नाव घेतले, वाटाड्याचे घेतले, जागलीवरच्या शेतकऱ्याचे घेतले, आणि शेवटी थोडे थांबून ‘मी’ असे म्हटले, तर तुमच्या कुटुंबाची विहारयात्रा धम्मयात्रा झाली असे समजा.